क्षेत्र संपलं, कापूस उरला

"भाऊ, तुमचं क्षेत्र संपलं."

सरकारच्या हमीभाव कापूस खरेदी केंद्रावरच्या पोराने संगणकावरून नजर न काढता सांगितलं. माझ्यासोबत आलेला शेजारी पिकअपला टेकून उभा होता. तो म्हणाला, "वावर त सकाळीच पाहून आलो म्या. तिथंच हाय. संपलं कसं?" पोरगं हसलं, मीही हसलो. त्याचा काही दोष नव्हता. पाच एकरांचा पेरा, एकरी ठरवून दिलेली मर्यादा, दोन्हींचा गुणाकार, आणि तेवढे क्विंटल आधीच्या दोन खेपांत मोजून झालेले. यंदा ठिबकवरचा कापूस बरा आला. मर्यादेपेक्षा एकरी तीन क्विंटल जास्त निघाला. ते पंधरा क्विंटल गाडीत होते. ओलावा नऊ टक्के, कवडी म्हणजे किडका कापूस नाही, पाला नाही. माल तपासणाऱ्या ग्रेडरने मूठभर उचलून धागा ओढून पाहिला आणि माल चांगला आहे म्हणाला. पण चांगला माल हा त्या खिडकीवरचा प्रश्नच नव्हता.

परत येताना हिशेब केला. 2025-26 च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. गावात खेडा खरेदीवाला, म्हणजे दारात येऊन माल घेणारा व्यापारी, त्याहून सातशे कमी देत होता. पंधरा क्विंटलवर साडेदहा हजार गेले. मी याला दंड म्हणतो.

असं म्हटलं की सरकारी खात्यातले ओळखीचे लोक रागावतात. सरकारने तुला पिकवू नको म्हटलं का, खाजगीत विकायला मनाई केली का, असं विचारतात. नाही केली. सरकार फक्त आपल्या पैशाने किती घ्यायचं ते ठरवतं. वरवर बिनतोड आहे. पण एकरी सहा क्विंटल काढणाऱ्याचा सगळा माल हमीभावात बसतो आणि अकरा काढणाऱ्याचा बसत नाही, तेव्हा कात्री नेमकी त्या वरच्या क्विंटलांवर लागते. खत, ठिबक, रात्रीचं पाणी, वेचणीची वाढीव मजुरी हे सगळं ज्या क्विंटलांवर खर्च झालं, त्यांच्यावर. पावतीवर दंड हा शब्द नाही, एवढाच काय तो फरक.

जास्त पिकवल्याचा दंड जिथे उघडपणे कायद्यात लिहिला होता, त्या अमेरिकेतली गोष्ट यासाठी पाहण्यासारखी आहे.

अमेरिकेच्या कापसाशी आपलं नातं जुनं आहे. तिकडे यादवी युद्ध पेटलं तेव्हा वऱ्हाडात कापसाचा पैसा आला, ते युद्ध संपलं तसा तो ओसरला. पुढे न्यूयॉर्कच्या बाजारात कापूस कितीने उघडला आणि कितीने बंद झाला यावर मुंबईत आकडा लावला जायचा. ज्यांनी आयुष्यात कापसाचं बोंड पाहिलं नव्हतं तेही त्या भावाकडे डोळे लावून बसायचे. तर या न्यूयॉर्कच्या बाजारात 1923 च्या सुमारास पौंडाला 28-29 सेंट भाव होता. 1931 मध्ये तो सहा सेंटांच्या खाली आला. 1932 मध्ये जुना पडून राहिलेला साठाच सुमारे 1 कोटी 30 लाख गाठींचा होता, म्हणजे जवळपास एका पूर्ण वर्षाचं पीक.

भाव पडला की शेतकऱ्याने पेरा कमी करावा, असं पुस्तकात असतं. वावरात उलटं होतं. बँकेचा हप्ता तेवढाच, दुकानदाराची उधारी तेवढीच, म्हणून अर्ध्या भावात तेवढीच रक्कम उभी करायला दुप्पट माल लागतो. प्रत्येक जण एकटाच शहाणपणाने वागतो आणि सगळे मिळून बाजार आणखी खाली पाडतात. कांद्यात आपण हे दर दोन-तीन वर्षांनी करतो, तेव्हा अमेरिकन शेतकऱ्याला हसायचं कारण नाही.

रूझवेल्ट सरकारने मे 1933 मध्ये शेतमालाच्या उत्पादनाला आवर घालणारा कायदा केला तेव्हा कापूस उगवून वर आलेला होता. मग उभं पीक नांगरून टाकायचे पैसे दिले गेले. दहा लाखांवर शेतकऱ्यांनी सह्या केल्या आणि सुमारे एक कोटी एकर कापूस जमिनीत गाडला गेला. दक्षिणेत तेव्हाची एक गोष्ट अजून सांगतात. कापसाच्या तासावर, म्हणजे ओळीवर, पाय द्यायचा नाही, हे खेचरांना जन्मभर मारून शिकवलेलं. आता त्याच तासावरून चालायला सांगितलं तर ती जागची हलेनात. ज्याने डवरणीला बैल हाकला आहे त्याला ही गोष्ट खरी-खोटी करत बसावं लागत नाही.

नांगरणी ऐच्छिक होती. तिथेच मेख होती. शेजाऱ्याने दहा एकर गाडले म्हणून भाव चढला, आणि ज्याने काहीच गाडलं नाही तो चढलेल्या भावाने सगळा माल विकून मोकळा झाला. गाडणाऱ्यांनीच मग ओरड केली की सक्ती करा. त्यातून एप्रिल 1934 चा बँकहेड कायदा आला. अलाबामाचे बँकहेड बंधू, एक सिनेटमध्ये आणि एक प्रतिनिधीगृहात, त्यांच्या नावाने तो ओळखला जातो. देशाचा कोटा एक कोटी गाठी. तो राज्यांत, मग काउंटींत म्हणजे तिकडच्या जिल्ह्यांत, मग शेताशेतांत वाटायचा. शेतकऱ्याला त्याच्या वाट्याची प्रमाणपत्रं मिळायची. त्याहून जास्त कापूस जिनिंगवर नेला, तर रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, भावाच्या निम्मा कर, आणि तो पौंडाला पाच सेंटांपेक्षा कमी नाही. पाचशे पौंडांच्या गाठीला निदान पंचवीस डॉलर. कर भरलेल्या किंवा माफ असलेल्या गाठीला टॅग लावला जायचा. टॅग नाही तर गाठ विकायची सोय नाही.

इथपर्यंत ऐकून कुणाही शेतकऱ्याला संताप येईल, मलाही आला होता. पण पुढची दोन वळणं मला विचारात पाडतात.

पहिलं वळण दुष्काळाचं. 1934 मध्ये टेक्सास-ओक्लाहोमाकडे पीक करपलं. तिथल्या शेतकऱ्याकडे प्रमाणपत्रं होती, कापूस नव्हता. पूर्वेकडच्या राज्यांत पाऊस बरा झाला, तिथे कापूस होता, प्रमाणपत्रं अपुरी पडत होती. कायद्याने ही प्रमाणपत्रं विकता यायची. सरकारनेच त्यांचा एक साठा चालवला आणि पौंडाला चार सेंट भाव ठेवला. करपलेल्या वावराच्या मालकाला न पिकलेल्या कापसाचे चार सेंट मिळाले, जास्त पिकवणाऱ्याचा पाच सेंटांहून मोठा कर वाचला. पीकविमा हा शब्दही न उच्चारता त्या वर्षी पीकविमा झाला.

दुसरं वळण मतदानाचं. डिसेंबर 1934 मध्ये हा कायदा पुढच्या वर्षी ठेवायचा का, असं कापूस उत्पादकांनाच विचारलं गेलं. दहातल्या नऊ जणांनी ठेवा म्हटलं. ज्या दक्षिणेत काळ्या माणसाला एरवी मतपेटीजवळ फिरकू देत नसत, तिथे या मतदानात काळ्या शेतकऱ्यांनीही मतं टाकली. लोकांनी स्वतःवर दंड लावून घेतला, कारण तो शेजाऱ्यावरही लागणार होता.

याचा अर्थ कायदा न्यायाचा होता असा मी काढत नाही. त्याने केलेलं सगळ्यात मोठं नुकसान जास्त पिकवणाऱ्याचं नव्हतंच. ते होतं ज्याच्या नावावर वावर नाही त्याचं. दक्षिणेतला कापूस मुख्यतः वाटेकरी पिकवत. जमीन मालकाची, राबणं यांचं, अर्धं पीक वाटणीला आणि मालकाच्या दुकानाची उधारी कायमची. पेरा कमी करायचे सरकारी पैसे 1934-35 च्या करारात असे वाटले गेले की मालकाच्या हाती पौंडाला चार सेंट पडायचे आणि वाटेकऱ्याच्या हाती अर्धा सेंट. तोही मालकाच्या हातून. आणि चाळीस टक्के जमीन पडीक ठेवायची म्हटल्यावर चाळीस टक्के वाटेकरी कशाला ठेवायचे? मालकांनी कुटुंबं वावराबाहेर काढली. जुलै 1934 मध्ये आर्कान्सातल्या टायरोन्झा गावी अकरा गोरे आणि सात काळे मिळून अठरा माणसांनी वाटेकऱ्यांची संघटना काढली. त्या काळात, त्या भागात गोरे-काळे एका बाकावर बसले, ते या धोरणाने दोघांनाही एकदमच उघड्यावर आणलं म्हणून. शेती खात्यातल्या काही वकिलांनी करारातलं कलम वाटेकऱ्याच्या बाजूने लावायचा प्रयत्न केला, तर फेब्रुवारी 1935 मध्ये मंत्री हेन्री वॉलेस यांच्या संमतीने त्यांनाच घरी पाठवलं गेलं.

बँकहेड कायदा 1936 मध्ये गेला. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने शेतमाल प्रक्रियेवरचा कर घटनाबाह्य ठरवला, तसा पुढच्याच महिन्यात हाही रद्द झाला. दंड मात्र गेला नाही. 1938 च्या कायद्याने तो परत आला, वेगळ्या रूपाने, आणि हे रूप आपण नीट पाहायला हवं. आता मोजमाप गाठींचं नव्हतं, एकरांचं होतं. तुला वीस एकर कापूस मंजूर, त्या वीस एकरांत जे पिकेल ते सगळं तुझं, बिनदंड वीक. एकविसाव्या एकरातल्या कापसावर दंड. म्हणजे जास्त पेरणारा गुन्हेगार, जास्त पिकवणारा नव्हे.

त्याचे परिणाम झालेच. शेतकऱ्याने आपला उत्तम तुकडा कापसाला दिला आणि त्यात खत ओतलं. एकरी उतारा 1932 मध्ये पावणेदोनशे पौंडांच्या आसपास होता, 1960 च्या दशकात तो पाचशेच्या वर गेला. पेरा एके काळच्या चार कोटी एकरांवरून एक कोटीच्या आसपास आला, तरी 1966 मध्ये सरकारच्या आणि बाजाराच्या गोदामांत 1 कोटी 60 लाखांहून जास्त गाठी पडून होत्या. इकडे अमेरिकेने भाव वर धरून ठेवला म्हणून तिकडे ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या शेतकऱ्यांनी कॉफीच्या जोडीला कापूस पेरला. अमेरिकेने सोडलेली गिऱ्हाइकं जगाने उचलली. उत्पादन कमी करण्याचं हत्यार म्हणून दंड बोथट निघाला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शिवाय कोटा ही मालमत्ता झाली. मंजूर एकर जमिनीला चिकटलेले असायचे. धरणात वा रस्त्यात जमीन गेली तरच ते दुसरीकडे नेता यायचे. टेक्सासच्या बिली सोल एस्टिसने हाच दरवाजा हेरला. दुसऱ्या राज्यांतल्या विस्थापित शेतकऱ्यांना आपल्याकडे कागदोपत्री जमीन विकायची, त्यांनी कोटा तिथे आणायचा, पहिला हप्ता चुकवायचा आणि जमीन कोट्यासकट एस्टिसकडे परत यायची. 1962 मध्ये हे प्रकरण फुटलं तेव्हा केनेडी सरकार हादरलं. त्याआधी 1961 मध्ये या व्यवहारांची चौकशी करणारा कृषी खात्याचा अधिकारी स्वतःच्या शेतावर मेलेला सापडला होता. अंगात पाच गोळ्या होत्या, आणि सुरुवातीला नोंद आत्महत्या अशी झाली.

आता आपल्याकडे. कापसाच्या बाबतीत सरकारी सक्ती महाराष्ट्राला नवी नाही. 1971 चा कायदा आणि 1972 च्या हंगामापासूनची एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा ही योजना, ज्यांनी पाहिली, त्यांना हद्दीवरचे नाके आठवत असतील. कापूस राज्याबाहेर नेणं गुन्हा होता. तिकडे भाव जास्त असला की आमच्याकडच्या बैलबंड्या रात्री पैनगंगा ओलांडायच्या, आणि इथला हमीचा भाव जास्त असला की तिकडचा कापूस इकडे यायचा. नाक्यावरच्या माणसाचं दोन्ही वर्षी भलं व्हायचं. पण जास्त पिकवलं म्हणून त्या योजनेने कुणाला अडवलं नाही. उलट येईल तो माल घेता घेता ती योजनाच बुडाली. शब्दशः जास्त पिकवल्याचा दंड आपल्या देशात आहे तो तंबाखूला. गुंटूरचं तंबाखू मंडळ व्हर्जिनिया तंबाखूचं उद्दिष्ट ठरवतं, वर पिकलेल्या मालाला दंड लागतो, आणि चांगल्या भावाच्या वर्षी दिल्लीहून तो माफ होतो. 2023 मध्ये आंध्रच्या शेतकऱ्यांना अशी माफी मिळाली. तिथे निदान माफी मागता येते, कारण दंड कागदावर आहे. आमच्या एकरी मर्यादेविरुद्ध कोणाकडे माफी मागायची?

मर्यादा का आहे तेही सांगितलं पाहिजे. हमीभाव बाजाराच्या वर असला की व्यापारी गावोगाव कापूस उचलतो आणि शेतकऱ्याच्या सातबारावर तोच केंद्रावर घालतो. हे घडतं, सगळ्यांना माहीत आहे, मी नाकारत नाही. त्यावर उपाय म्हणून जिल्ह्याच्या सरासरी उताऱ्यावरून एकरी आकडा काढला जातो. पण सरासरी म्हणजे काय, हे कुणी बसून पाहिलं का? काही वावरं तिच्या खाली राहणार आणि काही वर जाणार, त्याशिवाय सरासरी निघतच नाही. वर जाणाऱ्याला ही मर्यादा अडवते. खाली राहणाऱ्याचं काय? कोरडवाहू, बरड जमिनीच्या माणसाचा कापूस संपतो आणि मर्यादा उरते. व्यापाऱ्याला नेमकी तीच उरलेली जागा हवी असते. ज्या चोरीसाठी कुलूप लावलं, त्या चोराला किल्ली कुलपासोबतच मिळाली.

1934 मध्ये हीच उरलेली जागा होती आणि तिला उघड भाव होता. करपलेल्या वावराचा माणूस खिडकीवर जाऊन तिचे चार सेंट घेत होता. आपल्याकडे तिच्यासाठी व्यापारी हातावर काही टिकवतो, पाचशे-हजार, किंवा पुढच्या हंगामाच्या बियाण्याची उधारी थोडी सैल करतो.

म्हणून माझी मागणी मर्यादा काढा अशी नाही. सरकारची तिजोरी अथांग नसते, हे एकाधिकाराने शिकवलं आहे. पण मर्यादा ठेवायचीच तर 1938 च्या अमेरिकेसारखी एकरावर ठेवा. पेरा खरा आहे का ते ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरच्या पीक नोंदणीत, तपासा, उभ्या पिकाचा फोटो तुम्ही मागताच आहात. विहीर आहे, हेही सातबारावर दिसतं, मग ओलिताच्या वावराला कोरडवाहूची सरासरी कशासाठी? आणि क्विंटलातच मोजायचं असेल तर उरलेली मर्यादा त्याच गावातल्या दुसऱ्या शेतकऱ्याला, त्याच हंगामापुरती, नोंद करून देता येऊ द्या. जमिनीला चिकटवू नका, गावाबाहेर जाऊ देऊ नका, म्हणजे इथे एस्टिस जन्मणार नाही. त्या उरलेल्या जागेचा भाव खरेदी केंद्रानेच ठरवावा.

मक्त्याने, म्हणजे ठरलेल्या रकमेवर दुसऱ्याचं वावर, वाहणाऱ्याचा प्रश्न याने सुटत नाही, हे मला दिसतं. सातबारा मालकाचा, नोंदणी मालकाच्या आधारवर, पैसे मालकाच्या खात्यात. आमच्या गावात निदान डझनभर कुटुंबं दुसऱ्याची वावरं करतात आणि हमीभावाच्या यादीत त्यांचं नाव कुठेच नाही. मक्त्याचा करार कागदावर आणायला मालक घाबरतो, कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल म्हणून. टायरोन्झाच्या अठरा माणसांना जे भांडावं लागलं ते आपल्याकडे अजून कुणी भांडलेलंच नाही. कापूस परिषदांत भाव, आयात शुल्क, बोंडअळी सगळं येतं, हे येत नाही. माझ्यासारखे मालकच तिथे भाषणं करतात, हे त्याचं कारण असावं.

मतदानाचंही तसंच. केंद्र कधी उघडायचं, एकरी किती घ्यायचं, ओलावा किती चालेल, हे सगळं आम्हाला वर्तमानपत्रातून किंवा फोनवर आलेल्या फॉरवर्डमधून कळतं. उद्या गावोगाव विचारलं की मर्यादा ठेवून खरेदी लवकर सुरू करायची, की मर्यादा काढून उशिरा, तर काय सांगावं, लोक मर्यादेलाही हात वर करतील. मीसुद्धा करेन कदाचित. दिवाळीच्या आधी पैसा हातात पडणं ही काय चीज आहे ते ज्याच्या घरी मजुरांचे चुकारे थकलेत त्याला विचारा.

त्या दिवशी केंद्रावरून निघताना शेजारी म्हणाला, "माह्या नावावर टाक ना मंग. माहं क्षेत्र उरलंच हाय." त्याचं तीन एकर बरड आहे. यंदा एकरी चार क्विंटलही झाला नाही, त्यामुळे दहा-बारा क्विंटलची जागा त्याच्या नावावर रिकामी होती. मी नको म्हटलं. ते खोटं ठरलं असतं, आणि पकडलं असतं तर त्याची पुढची नोंदणी अडकली असती. पंधरा क्विंटल खेडा खरेदीवाल्याला दिले, रोख घेतले, चिठ्ठीवर सही केली.

परवा तोच खेडा खरेदीवाला शेजाऱ्याकडे आला होता. सातबारा आणि आधारची झेरॉक्स मागत होता.